परक्या घरची फजिती

दर चार वर्षांनी, दिवाळीच्या मागेपुढे, आमच्याकडे अमेरिकेची निवडणूक येते. भुसावळजवळच्या या दीपनगरात औष्णिक वीजकेंद्राची धुराडी, वसाहतीतील एकसारख्या इमारती आणि तापीकाठचा उन्हाळा याखेरीज पाहुण्याला दाखविण्यासारखे फारसे काही नाही. तरीही पेनसिल्व्हेनियात कोण पुढे आहे, मिशिगन कोणाकडे झुकले, याची बित्तंबातमी येथील चहाच्या टपरीवर मिळते. आम्हीही त्या चर्चेत हिरीरीने भाग घेतो. आम्हांला तेथे मत नाही, आमच्यावर तेथील कर नाही, आणि आमच्या बोलण्याने तेथे कोणाचे अनामतही जप्त होणार नाही. निर्भेळ आनंदासाठी याहून चांगली परिस्थिती कोणती?

आणि खरोखरच, हसण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या या देशात मतदान मंगळवारीच होते, कारण १८४५ सालच्या कायद्याने तसे ठरविले. रविवारी प्रार्थना, पुढे बुधवारी बाजार, आणि घोडागाडीने मतदान केंद्रावर जायला एक दिवस हवा, असा त्या काळचा हिशेब सांगितला जातो. आठवडे बाजारावर बेतलेले हे वेळापत्रक आमच्या खानदेशी मनाला पटकन कळते. पण घोडागाड्या जाऊन विमाने आली, तरी मंगळवार काही सुटला नाही.

सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार तेथे हरू शकतो, ही आणखी एक मौज. १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ अशा पाच वेळा हे घडले. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख ६८ हजार मते अधिक मिळाली आणि डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. २००० साली तर फ्लोरिडातील ५३७ मतांवर साऱ्या महासत्तेचे भवितव्य अडकले होते. मतपत्रिकेला पडलेले भोक पुरते पडले की कागदाची टिकली अजून लोंबकळते आहे, हे डोळ्यांना भिंग लावून पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे ज्यांना आठवतात, त्यांना वेगळ्या प्रहसनाची गरज नसावी.

सिनेटचा न्याय याहून न्यारा. २०२० च्या जनगणनेत वायोमिंग या राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांहून किंचित अधिक भरली. कॅलिफोर्नियाची साडेतीन कोटींच्या पुष्कळ वर. दोघांनाही सिनेटमध्ये जागा मात्र दोन-दोनच. आमच्या एकट्या जळगाव जिल्ह्यात २०११ सालीच ४२ लाखांवर माणसे होती. म्हणजे लोकसंख्येच्या मापाने या जिल्ह्यात सात वायोमिंग मावतात, आणि तरी आम्ही वॉशिंग्टनला एकही सिनेटर पाठवू शकत नाही, हा अन्यायच नव्हे काय?

शिवाय २०१६ आणि २०२४ अशा दोन वेळा संधी येऊनही त्या देशाला स्त्री राष्ट्राध्यक्ष लाभली नाही. आम्ही २००७ सालीच जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांना राष्ट्रपतिभवनात पाठविले, हे येथे छाती फुगवून सांगण्यात येते. आता ती निवडही निर्वाचक मंडळानेच केली होती, सामान्य मतदाराने नव्हे, आणि आमच्या राष्ट्रपतींच्या हाती अमेरिकी अध्यक्षांची सत्ता नसते, असल्या क्षुल्लक गोष्टी टपरीवर कोणी काढत नाही.

या तमाशाला अलीकडे तंत्रज्ञानाची जोड मिळाली आहे. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांचा दुसऱ्यांदा शपथविधी झाला, तेव्हा मंत्रिपदासाठी नाव निघालेल्या मंडळींच्याही पुढे मार्क झुकरबर्ग, जेफ बेझोस, सुंदर पिचाई, इलॉन मस्क असे धनाढ्य तंत्रस्वामी विराजमान झाले होते. पूर्वी दरबारात मानकऱ्यांच्या जागा ठरलेल्या असत. येथे त्या बाजारमूल्याने ठरल्या, एवढाच फरक. मस्क यांनी २०२२ साली ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलेले होतेच. पुढे २०२५ च्या जूनमध्ये त्यांचे आणि अध्यक्षांचे बिनसले. दोघांनीही आपापल्या मालकीच्या समाजमाध्यमावरून एकमेकांचा उद्धार केला. आमच्याकडे भाऊबंद आपापल्या ओट्यावर उभे राहून भांडतात, ती रीत त्यांना एवढ्या खर्चानंतर साधली.

याच मस्क यांनी २०२४ च्या जूनमध्ये इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रे मोडीत काढावीत, ती फोडली जाण्याचा धोका थोडा असला तरी फार आहे, असे मत मांडले होते. तेव्हा आमच्याकडील एका पक्षाला ते ऋषितुल्य वाटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी भारताने एका दिवसात ६४ कोटी मते मोजली आणि कॅलिफोर्निया अजून मोजतेच आहे, असे कौतुक केले. लगेच आमच्याकडील दुसऱ्या पक्षाला ते ऋषितुल्य वाटू लागले. ही मते यंत्रांमुळेच एका दिवसात मोजून होतात, हे त्या ऋषींना कोणी कळविले किंवा नाही, ते समजले नाही.

आम्हां दीपनगरकरांना तंत्रज्ञानाची बातमी कळते ती मेगावॉटच्या भाषेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी थ्री माइल आयलंड येथील बंद पडलेली ८३५ मेगावॉटची अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याचा करार जाहीर झाला. १९७९ साली जेथे अमेरिकेचा सर्वांत गाजलेला अणुअपघात झाला, तेच हे ठिकाण. भट्टी मात्र त्याच्या शेजारची. आमच्या येथे ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. म्हणजे त्या दोन संचांहून थोडी कमी वीज एका कंपनीच्या संगणकांना हवी. ते संगणक पुष्कळदा आमचीच पत्रे आमच्यासाठी लिहून देतात. येथे विजेसाठी कोळसा जाळून राख उरते. तेथे काय उरेल, ते पुढे कळेल.

येथवर लिहिलेले वाचून वाचकांना बरे वाटले असेल. आम्हांलाही लिहिताना बरेच वाटले. कदाचित गरजेपेक्षा जास्त. आमचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. इतके सहज, इतके निर्धोक बरे वाटणे, हे उपरोधाचे लक्षण आहे काय?

एक साधी गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशिगनच्या मतांची टक्केवारी आम्ही दशांशापर्यंत सांगत होतो, तेव्हा जळगाव जिल्हा परिषदेत लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. आरक्षण आणि गटरचना यांच्या वादात निवडणूक लांबत गेली आणि कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. हीच अवस्था राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची आणि महानगरपालिकांची होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे फर्मावले, तेव्हा कोठे हालचाल सुरू झाली. अमेरिकेचा मंगळवार १८४५ चा आहे, म्हणून आम्ही हसलो. पण तो मंगळवार चुकत नाही. भर यादवी युद्धात, १८६४ साली, तो चुकला नव्हता. आमच्या जिल्ह्यात गावची शाळा, आरोग्य केंद्र, रस्ता यांचा निर्णय करणाऱ्या सभागृहाची निवडणूक वर्षानुवर्षे चुकली, आणि त्यावर एखादे चांगले प्रहसन मराठीत लिहिले गेल्याचे आमच्या वाचनात नाही.

६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये जमाव विधिमंडळाच्या इमारतीत घुसला, तेव्हा आम्ही हळहळलो आणि मनातून सुखावलो. जून २०२२ मध्ये आमच्याकडे उलटे झाले. येथे आमदारच बाहेर पडले आणि सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. त्यांत आमच्या जिल्ह्यातलेही काही होते. त्यावर विनोद झाले, नाही असे नाही. पण ते डोंगर-झाडीपर्यंत येऊन थांबले. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी यंत्रावरची आपली शंका फेडण्यासाठी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचे ठरविले, तेव्हा तेथे जमावबंदी लागू झाली. शंका बरोबर होती की चूक, हा प्रश्न वेगळा. आम्ही एवढेच नोंदवितो की, त्या सुमारास आमच्या मित्रमंडळात चर्चा चालली होती ती कॅलिफोर्नियातील संथ मतमोजणीची.

याचे कारण उघड आहे, आणि ते सांगताना आम्ही स्वतःला वगळत नाही. अमेरिकेची टवाळी हा मराठीतील सर्वांत सुरक्षित वाङ्मयप्रकार झाला आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबईत एका विनोदकाराने राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत म्हटले. ते जेथे चित्रित झाले होते, त्या जागेची मोडतोड झाली. अमेरिकेतही त्याच वर्षी स्टीफन कोल्बेर यांचा कार्यक्रम बंद करण्याची घोषणा झाली आणि जिमी किमेल यांचा कार्यक्रम काही दिवस थांबविण्यात आला. म्हणजे अमेरिकेवर अमेरिकेत हसणे महागले आणि महाराष्ट्रावर महाराष्ट्रात हसणे महागले. अमेरिकेवर महाराष्ट्रात हसणे तेवढे फुकट राहिले. फुकटचा माल आम्ही वाटेल तितका उचलला.

बाहेरून पाहणाऱ्याला हसण्याचा अधिकार नाही, असे आमचे म्हणणे नव्हे. उलट, मराठीला अमेरिकेकडे पाहण्याची जी जुनी परंपरा आहे, ती आम्हांला विसर पडल्याचे दुःख आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले होते. ती अर्पणपत्रिका म्हणजे परक्याची स्तुती खरी, पण तिचा रोख घरातल्यांवर होता. त्यांनी केले, तुम्ही केव्हा करणार, असा तो प्रश्न होता.

पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे त्या देशात राहिल्या. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्यांचे पुस्तक १८८९ साली निघाले. परतंत्र देशातील एका विधवेने प्रजासत्ताकाच्या घटनेवर, शिक्षणावर, स्त्रियांच्या स्थितीवर मराठीत लिहावे, हेच केवढे धाडस! त्या राज्यव्यवस्थेने त्या भारावल्या, पण दिपून गेल्या नाहीत. मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, काळ्या माणसांविषयीचा द्वेष, स्त्रियांना नाकारलेले राजकीय हक्क यांवर त्यांनी बोट ठेवले. त्यांच्या स्तुतीत आणि टीकेतही महाराष्ट्र सदैव हजर असतो. त्या अमेरिकेविषयी लिहितात ते आपल्या वाचकाला अस्वस्थ करण्यासाठी. आम्ही लिहितो ते त्याला निवांत करण्यासाठी.

शिवाय आम्ही खरोखर बाहेरचे आहोत काय, हेही तपासायला हवे. नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आले, पुढच्या वर्षी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची आठवण झाली. खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. जळगाव ही मोठी पेठ म्हणून वर आली ती याच काळात. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. ज्या निवडणुकीची बातमीही बहुतेक खेड्यांत पोहोचली नसेल, तिने खानदेशातील कुळांची सुबत्ता आणि कर्जे ठरविली.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून केंद्र सरकारने त्याच महिन्यात बाहेरून येणाऱ्या कापसावरील ११ टक्के शुल्क स्थगित केले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. आमच्याकडे कापूस घरात येतो तो दसरा-दिवाळीला. म्हणजे वॉशिंग्टनने उगारलेली छडी दिल्लीने चुकविली आणि ती बसली चोपडा-अमळनेरच्या शेतकऱ्याच्या पाठीवर. ज्या अध्यक्षाच्या केसांवर, हातवाऱ्यांवर आम्ही आठ-नऊ वर्षे विनोद केले, त्याच्या सहीने आमच्या बाजार समितीतील बोली हलली. त्या विनोदांत या गोष्टीचा मागमूसही नव्हता.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. उपरोधाची परीक्षा तो किती बोचरा आहे यावर होत नाही. तो कोणाला बोचतो यावर होते. लिहिणाऱ्याला आणि त्याच्या वाचकाला जो मुळीच बोचत नाही, तो उपरोध नव्हे, ती करमणूक. वर्गात उपरोध शिकवताना रमाबाईंचे ते पुस्तक एकदा काढावे, आणि मुलांना विषय द्यावा तो आपल्या जिल्हा परिषदेचा. अमेरिका संदर्भापुरती येऊ द्यावी, आणि कापसाचा भाव विसरू नये.

दीपनगर हे नाव ज्याने ठेवले, त्याच्या मनात उपरोध नसावा. पण राज्यात भारनियमनाची वर्षे होती, तेव्हा या धुराड्यांच्या आसपासची गावे अंधारात बसत असत, आणि येथे तयार झालेली वीज तारांवरून दूर निघून जात असे. आमच्या उपरोधाचेही तसेच झाले आहे.