चित्रकथेची साथसंगत

एकाच वेळी तीन-चार कामे अंगावर घेणारा कलावंत पाहिला, की आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण तर ओठांवर तयारच असते. स्वतंत्रपणे चित्रकथा काढणाऱ्या आजच्या मुलामुलींना ती वारंवार ऐकावी लागते. सकाळी कुणाच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ, दुपारी शाळेत चित्रकलेचा तास, संध्याकाळी मित्राच्या गोष्टीसाठी रेखाटने, आणि घर निजल्यावर स्वतःच्या चित्रकथेचे अर्धे पान, असा त्यांचा दिनक्रम. घरचे म्हणतात, एक काहीतरी धर. आमचे म्हणणे असे, की एकच काहीतरी धरण्याची चैन या कलेला आपल्या देशात कधी लाभलीच नाही. म्हणून ही धरसोड नव्हे. निर्वाहाची ती एक रीतच आहे.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना हे फोडून सांगण्याची गरज नसावी. या संस्थानात कलावंतांसाठी ‘कलावंत कारखाना’ नावाचे स्वतंत्र खाते होते. गवई, बीनकार, सारंगिये, पखवाजी यांची हजेरी, पगार, रजा, सारे तेथे नोंदले जाई. आमच्या घरातही एके काळी त्या दरबारचा पगार येत असे. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि एक धनी जाऊन दहा गिऱ्हाइके आली. सकाळी शिकवणी, दुपारी रेडिओ, रात्री कुणाच्या लग्नातली बैठक. त्या गवयांना धरसोडे म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही, कारण दिवस पालटले आहेत हे सगळ्यांना दिसत होते. चित्रकथा काढणाऱ्याचे दिवस पालटले नाहीत, एवढाच फरक. त्याच्या मागे दरबार कधी नव्हताच.

त्याच्या मागे होत्या त्या मोठ्या प्रकाशनसंस्था. १९६७ पासून निघू लागलेली ‘अमर चित्र कथा’ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आली. तिचे संपादक अनंत पै यांचे नाव सर्वांना पाठ आहे. परंतु त्या मालेतला पहिला ‘कृष्ण’ ज्यांनी रेखाटला त्या राम वाईरकरांचे नाव किती घरांत निघते? चेहरा डोळ्यांपुढे राहतो आणि तो काढणारा हात विस्मरणात जातो, हे या धंद्याचे जुनेच दुखणे. अमेरिकेत तर त्याहून कठोर घडले. जेरी सीगल लिहीत असे आणि जो शुस्टर चित्रे काढीत असे, शाळेपासूनची जोडी. त्यांनी ‘सुपरमॅन’ निर्माण केला आणि १९३८ साली १३० डॉलरांत त्याचे सर्व हक्क लिहून दिले. त्यांच्या नावांचा उल्लेख आणि वार्षिक निर्वाहवेतन मिळायला १९७५ साल उजाडले. दोघांमध्ये प्रेम होते, परस्परांचा हात त्यांना ठाऊक होता, काम उत्तम होते. फक्त कागद दुसऱ्याने लिहिला होता.

तेव्हा स्वतंत्र चित्रकथाकार एकमेकांना धरून राहतात ते हौसेने राहतात तसे गरजेनेही राहतात. आपल्याकडे या वाटेवरचे आरंभीचे नाव ओरिजित सेन यांचे. नर्मदेच्या खोऱ्यातील विस्थापितांवर त्यांनी इंग्रजीत काढलेली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही चित्रकादंबरी १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणवादी मंडळाने छापली. पुढे ती कित्येक वर्षे दुर्मिळ होती. २०२२ साली चेन्नईच्या एका छोट्या प्रकाशनाने ती पुन्हा काढली. नर्मदेच्या धरणाविषयी आपल्या शहरात एकमत नाही आणि हे पुस्तक वाचून ते होईल असेही नाही. परंतु गाण्याबजावण्यात वाढलेल्या वाचकाला त्यातली एक गोष्ट जरूर भावेल. नदीच्या जन्माची कथा तेथे एक आदिवासी गायक गाऊन सांगतो, आणि त्याच्या गाण्याच्या जोडीने शहरातल्या एका पत्रकाराची हकीकत चालते. दोन लयी एकाच पानावर.

सेन यांचा प्रपंच मात्र या पुस्तकावर चालला नाही, चालणेही शक्य नव्हते. १९९० साली दिल्लीत सहकाऱ्यांसह सुरू केलेले ‘पीपल ट्री’ हे कपड्यांचे आणि कलावस्तूंचे दुकान, भित्तिचित्रांची मोठी कामे, अध्यापन, अशा अनेक खांबांवर त्यांचा तंबू उभा राहिला. पुढे सेन, सारनाथ बॅनर्जी, विश्वज्योती घोष, परिस्मिता सिंग आणि अमिताभ कुमार या पाच जणांनी दिल्लीत ‘पाओ कलेक्टिव्ह’ नावाचा गट बांधला आणि २०१२ साली चित्रकथांचा एक संग्रह सिद्ध केला. यांपैकी अमिताभ कुमार आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेचे विद्यार्थी. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, घोष यांनी फाळणीवरचा एक संग्रह जुळवून आणला. त्यात भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश येथील लेखक व चित्रकार यांच्या जोड्या लावल्या होत्या. सरहद्दीच्या एका बाजूला गोष्ट, दुसऱ्या बाजूला रेषा. ज्याची त्याची पोटापाण्याची कामे सांभाळून हे सारे झाले, म्हणून त्याला वेळ लागला. वेळ लागतोच.

परंतु या साऱ्यांत आम्हांला अधिक विचार करायला लावणारे पुस्तक वेगळेच आहे, आणि ते बडोद्याच्या वाचकाने चुकवू नये असे आहे. ‘भीमायन’ हे त्याचे नाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाणी, निवारा आणि प्रवास या तीन गोष्टींसाठी जे सोसावे लागले त्याची ही चित्रकथा दिल्लीच्या ‘नवयान’ प्रकाशनाने २०११ साली इंग्रजीत काढली. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याची. मुखपृष्ठावर चित्रकारांची नावे आधी आहेत, लेखकांची नंतर. ही बाब क्षुल्लक नव्हे.

परधान म्हणजे कोण, हे गवयाच्या घरातल्या माणसाने तरी नीट समजून घ्यावे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. ‘बाना’ नावाचे तंतुवाद्य घेऊन ते यजमान गोंडांच्या दारी जात, बडादेवाला आळवीत, त्या कुळाच्या कथा गात, आणि यजमान त्यांना धान्य, गुरे, वस्त्र देत. तोही एक आश्रयच होता, राजवाड्याऐवजी अंगणातला. विसाव्या शतकात यजमानांचीच ओढाताण सुरू झाली आणि बान्याला दार उरले नाही. पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांना १९८० नंतर चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवनात आणले गेले, आणि गळ्यातली कथा कागदावर उतरू लागली. दुर्गाबाई आणि सुभाष याच परंपरेतले. दुर्गाबाईंचा हात तयार झाला तो मात्र घरच्या भिंतींवर आणि जमिनीवर ‘दिग्ना’ काढताना. सणासुदीला आणि लग्नकार्यात बायका जी नक्षी काढतात ती दिग्ना. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली, हे वाचकांना आठवत असेल.

आता साथसंगतीचा खरा प्रश्न येथे उभा राहिला. चित्रकथा म्हटली की पानावर चौकटी आल्या, असा जगभरचा रिवाज. व्याम दांपत्याने चौकटी आखायला नकार दिला. माणसांना खोक्यांत कोंबून ती जगायची कशी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. अशा वेळी प्रकाशकाने काय करावे? पैसे त्याचे, इंग्रजी त्याचे, वाचकही त्याच्याच ओळखीचा. ‘तुम्हांला यातले कळत नाही’ असे म्हणणे किती सोपे होते! तसे झाले नाही. चौकटीच्या जागी दिग्नाची वळणदार नक्षी पानभर हिंडली आणि तीच प्रसंगाला प्रसंगापासून वेगळे करू लागली. संवादाच्या फुग्यांचेही तेच. गोड, निरुपद्रवी बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे झाले, आणि ज्या शब्दांत डंख आहे त्यांना विंचवाची नांगी फुटली. आगगाडी सापासारखी वळत जाते. महाडच्या सत्याग्रहाच्या चित्रात ध्वनिक्षेपकांतून शब्दांऐवजी पाण्याचे तुषार उडताना दिसतात. लेखकाने टेबलाशी बसून ही पाने ‘सुचवली’ असती तर ती अशी झाली नसती. आणि चित्रकारांना गोष्ट सविस्तर सांगणारा कुणी नसता तर ती मुळी झालीच नसती. बैठकीत तबलजीने ठेका बदलून पाहावा आणि गवयाने तो ऐकून बंदिश त्या अंगाने फिरवावी, त्यातला हा प्रकार. मात्र त्यासाठी गवयाला ऐकू यावे लागते. अनेकांना येत नाही.

या पुस्तकातला निवाऱ्याचा भाग आपल्या शहरातला आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी तरुण आंबेडकरांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. परंतु १९१७ साली तेच आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा त्यांना राहायला एक खोली मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव लावून त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. ओळखीचे दोघे होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडूनही आसरा मिळाला नाही. अखेर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या वेळी या शहरात खोल्या कुणाकडे होत्या? वाडे कुणाचे होते? दरबारात, खात्यांत, पेढ्यांवर बसलेली आपलीच घरे होती ती. ज्या बागेत आपण पिढ्यानुपिढ्या पोरांना झोके खेळायला नेले, ती बाग शेकडो मैलांवरच्या दोन परधान कलावंतांनी आपल्याला दाखवावी आणि आपल्यातल्या एकालाही ती तशी काढावीशी वाटू नये, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

येथे कुणी म्हणेल, की असमानांची अशी भागीदारी म्हणजे शेवटी शहरी माणसाचाच खेळ. ही शंका निराधार नाही. लोककलावंताची चित्रे घ्यायची आणि त्याचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापायचे, हे सर्रास चालते. म्हणूनच मुखपृष्ठावरच्या नावांचा क्रम आम्ही मुद्दाम सांगितला. जोडीच्या कामात तीन गोष्टी आरंभीच ठरवाव्या लागतात : नाव कुठे, पैसे किती, आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कुणाचा. स्नेहावर भिस्त ठेवून या गोष्टी सोडल्या, की पुढे कामही जाते आणि स्नेहही. संगीतात आम्ही हे पुष्कळ पाहिले आहे. जाहिरातीत गवयाचे नाव ठसठशीत, खाली ‘साथीला मान्यवर कलाकार’, आणि त्या मान्यवरांना बिदागी किती हे मैफल संपेपर्यंत कुणालाच ठाऊक नाही.

आपल्या शहरातील मराठी मंडळांचा अनुभव यापेक्षा फार निराळा आहे असे म्हणवत नाही. गणेशोत्सवाची स्मरणिका आली, संस्थेचा अमृतमहोत्सव आला, की ललितकला शाखेत शिकणाऱ्या कुणाच्या तरी मुलीला बोलावणे जाते. “घरचेच कार्य आहे बाळ, चार चित्रे काढून दे.” छपाईवाल्याला पैसे मिळतात, मांडववाल्याला मिळतात, आचाऱ्याला तर आधी मिळतात. चित्रे काढणाऱ्या मुलीला शाल आणि नारळ. तिने त्या चार रात्री आपल्या स्वतःच्या चित्रकथेतून काढून दिलेल्या असतात, हे कुणाच्या ध्यानी येत नाही. वर तिच्या घरच्यांना सांगायचे, की मुलगी हुशार आहे पण एका जागी ठरत नाही.

महाराजांनी १९१० साली स्थापिलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या मराठी विभागात आपली ये-जा असते. ‘भीमायन’ आणि ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही इंग्रजी पुस्तके तेथे मागून पाहावीत. नसतील तर मागणीच्या वहीत लिहावीत. चित्रांना भाषेची अडचण थोडी. घरातल्या आजोबांनी आणि नातवाने ती एकत्र पाहिली तर दोघांनाही एकमेकांना विचारण्यासारखे पुष्कळ सापडेल, विशेषतः कमाटी बागेच्या पानांवर.

आणि स्मरणिकांचे म्हणाल, तर कामाला हात लावण्यापूर्वी चित्रकाराला एक पत्र द्यावे. त्यात चित्रांची संख्या, मानधनाचा आकडा, ते देण्याची तारीख, नाव कोणत्या पानावर येणार, आणि मूळ चित्रे काम झाल्यावर कुणाकडे राहणार, एवढे असले तरी पुरे. पोस्टकार्डावर मावेल इतकाच मजकूर आहे. यंदाच्या दिवाळी अंकांची जुळवाजुळव आता सुरू होईल, तेव्हा निदान एखाद्या मंडळाने तरी हे करून पाहावे, आणि त्या मुलीने ‘सध्या माझ्या हातात दुसरे काम आहे, महिनाभर थांबाल का?’ असे विचारले तर थांबावे.