रिकाम्या कामाला फुल रेस कशाला?



आज पिकावर कमी आणि पेटीवर जास्त लिहितोय. पेटी म्हणजे बागेत खांबावर लावलेली हवामानाची पेटी. आत तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड, वर सोलार पॅनल, खाली बॅटरी. तुळजापूर भागातल्या द्राक्षवाल्यांना ती आता नवीन राहिलेली नाही. पानाचा ओलावा, तापमान, आर्द्रता मोजते, कॅमेरा असेल तर पानांचे फोटो तपासते आणि माहिती मोबाईलवर धाडते.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बोर्डाला गरजेप्रमाणं हळू चालता येत नाही, तो सोलारवर शेतात लावू नये. आणि हे पैसे द्यायच्या आधी विचारावं, नंतर नाही.

हे कुठून सुचलं ते सांगतो. मागच्या फळछाटणीनंतर तीन दिवस आभाळ आलं, भुरभुर पाऊस लागला. डाऊनीला याहून चांगलं हवामान लागत नाही. पान किती तास ओलं राहिलं हे अशाच वेळी कळायला पाहिजे, कारण फवारणी त्यावर ठरते. दुसऱ्या रात्री पेटी बंद. पॅनलला ऊन नाही, बॅटरी उतरली. ज्या रात्रीसाठी पेटी घेतली, नेमकी त्याच रात्रीची नोंद नाही. मग अंदाजानं फवारलं. औषध, डिझेल, मजुरी सगळं लागलं. त्या फवारणीची गरज होती का नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, मोठी बॅटरी टाका, मोठं पॅनल टाका." म्हणजे आणखी खर्च.

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला. तो सॉफ्टवेअरच्या कामात आहे. त्यानं पेटी उघडली, लॅपटॉप जोडला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "काका, तुमचा बोर्ड दिवसरात्र फुल रेसवर आहे."

आता बघा, पेटीचं काम काय? दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्यायची, ती पाठवायची. फोटो तपासायचा असेल तेव्हा मिनिटभर जोर लागतो. बाकी वेळ बसून राहायचं. आपण बांधावर चहाला थांबलो तर ट्रॅक्टर फुल रेसवर ठेवतो का? रेस कमी करतो, नाहीतर बंदच करतो. बोर्डाच्या प्रोसेसरलाही असाच वेग असतो, त्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात. काम असेल तेव्हा ती वाढवायची आणि नसेल तेव्हा उतरवायची, याला फ्रिक्वेन्सी स्केलिंग म्हणतात.

ज्यांच्याकडं सोलार पंप आहे त्यांना हे लगेच कळेल. सकाळी ऊन कोवळं असतं तेव्हा कंट्रोलर मोटर हळू फिरवतो. पाणी बारीक येतं, पण येतं. आभाळ आलं म्हणून पंप लगेच बंद पडत नाही, तो वेग उतरवून जेवढं ऊन तेवढं काम करतो. पंपाला एवढी अक्कल आहे, तर त्याच्या शेजारच्या पेटीला का नसावी?

तंत्रवाल्या मंडळींसाठी थोडं खोलात जातो. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती फ्रिक्वेन्सीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत असते. म्हणून नुसती फ्रिक्वेन्सी निम्मी केली तर वीज निम्मी लागते, पण काम दुप्पट वेळ चालतं. हिशोब तिथंच. खरी बचत व्होल्टेज उतरवण्यात आहे, आणि कमी व्होल्टेजवर प्रोसेसर वेगानं चालू शकत नाही म्हणून फ्रिक्वेन्सीही उतरवावी लागते. समजा १.२ व्होल्टवरून १ व्होल्टवर आलो, तर तेवढ्याच कामाला या भागाची वीज साधारण ३० टक्के कमी लागते.

ही सोय बोर्डात आपोआप येत नाही, कुणीतरी बसून टाकावी लागते. लिनक्समध्ये त्यासाठी 'सीपीयूफ्रेक' नावाची व्यवस्था आहे. कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती व्होल्टेज, याचा त्या बोर्डापुरता तक्ता द्यावा लागतो. व्होल्टेज बदलणाऱ्या भागाचा आणि फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागाचा ड्रायव्हर लागतो. क्रमही पाळावा लागतो. वेग वाढवताना आधी व्होल्टेज वाढवायचं, मग फ्रिक्वेन्सी. उतरवताना आधी फ्रिक्वेन्सी, मग व्होल्टेज. उलटं केलं तर बोर्ड अडकतो. विहिरीवरच्या मोटारीला आधी पाणी भरतो आणि मग बटण दाबतो, तसंच.

वेग कधी वाढवायचा हे ठरवणाऱ्या भागाला लिनक्समध्ये गव्हर्नर म्हणतात. नाव ऐकून मला हसू आलं. आपल्या जुन्या डिझेल इंजिनालाही गव्हर्नरच असतो की! लोड आला की डिझेल वाढवतो, लोड गेला की कमी करतो. इथं एक गव्हर्नर कायम फुल वेग ठेवतो, एक कायम कमी ठेवतो आणि काही कामाकडं बघून ठरवतात. माझ्या पेटीत पहिलाच लावलेला होता.

नावाजलेल्या बोर्डालाही ही सोय सहज मिळाली असं नाही. रास्पबेरी पाय २०१२ साली आला. त्यांच्या स्वतःच्या कर्नलमध्ये वेग बदलायची सोय होती, पण सगळ्यांसाठी असलेल्या मूळ लिनक्स कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आला तो ५.३ या आवृत्तीत, २०१९ साली. स्वस्तात मिळणारे किती बोर्ड असतील ज्यांच्यासाठी हे काम कुणी केलंच नाही! चिप तीच, पण सॉफ्टवेअर अर्धवट. आणि तो अर्धवटपणा आपण बॅटरीच्या पैशात भरून काढतो.

बॅटरीचा हिशोब करा. १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवर म्हणजे २४० वॉट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे हातात १२०. समजा पेटी सरासरी ४ वॉट खाते, तर बिनउन्हाची ३० तास चालेल. ३ वॉटवर आली तर ४० तास. फरक दहा तासांचा, म्हणजे एक रात्र. माझी हुकली होती ती हीच एक रात्र.

उन्हाळ्याचंही बघा. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, बंद पेटीच्या आत त्याहून जास्त. रास्पबेरी पायसारखा बोर्ड ८०-८५ अंशांवर गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग पाडतो. पण तो नाइलाजानं मारलेला ब्रेक झाला. आधीच हळू चालला असता तर तेवढा तापलाच नसता.

आता दुसरी बाजूही सांगतो. हा काही रामबाण उपाय नाही. मोडेम, कॅमेरा, वायफाय यांची वीज यानं कमी होत नाही, ते कामापुरतेच चालू ठेवावे लागतात. काही अभियंते म्हणतात, हळू चालवण्यापेक्षा काम झटक्यात उरकून बोर्डाला झोपवा. बोर्डाला नीट झोपता येत असेल तर तेही बरोबर आहे. आणि फक्त तापमान-ओलावाच मोजायचा असेल तर असा बोर्ड लागतच नाही, साधा मायक्रोकंट्रोलर पुरतो. मुंगळ्याला मारायला ट्रॅक्टर कशाला?

पुतण्यानं माझ्या पेटीत नवीन काही बसवलं नाही. मेमरी कार्डावर ही सोय असलेली सिस्टीम टाकली आणि गव्हर्नर बदलला. डिसेंबरात परत दोन दिवस आभाळ आलं, पेटी चालू राहिली. एका वेळेवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण बॅटरी तीच, पॅनल तेच, आणि खर्च शून्य.

म्हणून शेतकरी उत्पादक कंपन्यांना, कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विद्यापीठाच्या मंडळींना हात जोडून सांगणं आहे. तुम्ही एकदम पाच-पन्नास पेट्या घेता, तुमचं विक्रेता ऐकतो. कोटेशन मागवताना तीन प्रश्न लिहून द्या. रिकामी असताना पेटी किती वॉट खाते आणि कामात असताना किती? प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही आपोआप उतरतात का? बिनउन्हाची पेटी किती तास चालते, हे आमच्यासमोर चालवून दाखवाल का?

उत्तर देता आलं नाही तर बॅटरी मोठी करायला सांगेल. तेव्हा त्याला ट्रॅक्टरची रेस आठवण करून द्या.