बंब येईपर्यंत

फेब्रुवारी सरला की डिचोली तालुक्यातल्या माळांवरचे गवत करकरीत वाळते. काजूच्या बागायतींत पालापाचोळा साचतो आणि मग कुणी टाकलेली एक पेटती विडीही पुरते. १०१ वर फोन जातो, डिचोलीच्या केंद्रातून बंब निघतो. पण मये, नार्वे किंवा कुडचिरेच्या डोंगरकडेला तो पोचेपर्यंत आग अडवतात ती वाड्यावरचीच माणसे. हातात हिरव्या फांद्या, कुळागरातल्या पंपाची नळी, घरातल्या कळशा. गोव्यात अग्निशमन हे सरकारी संचालनालयाचे काम आहे. स्वयंसेवी दल म्हणून नोंद कुठे नसली, तरी काम होत आले आहे.

मार्च २०२३ मध्ये शेजारच्या सत्तरीत म्हादई अभयारण्य पेटले तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी ओतले, त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. बंब चढूच शकत नाही अशा उतारांवर मात्र वन खात्याचे कर्मचारी, अग्निशामक दलाचे जवान आणि गावकरी झोडपून झोडपून आग विझवत होते.

या माणसांचे स्थान काय? पोर्तुगालमध्ये बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवक आहेत. लिस्बनमधले त्यांचे पहिले दल १८६८ चे. गावोगावी त्यांच्या संस्था असतात, सभासद वर्गणी भरतात आणि सरकारही पैसा देते. म्हणजे रचना थेट आपल्या मंडळांसारखीच! साडेचारशे वर्षांत पोर्तुगिजांनी आपल्याला पाव दिला, कोमुनिदादचे कायदे लिहून ठेवले. ही एक चांगली गोष्ट तेवढी इथे रुजली नाही.

आपल्याकडे त्याच्या जवळची योजना म्हणजे 'आपदा मित्र'. निवडलेल्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण, बचावसाहित्याचा संच आणि विमा असे तिचे स्वरूप आहे. गोव्यात या प्रशिक्षणात अग्निशामक दलाचाच मोठा वाटा राहिला. माझ्या मते विमा हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. फांदी घेऊन डोंगरावर धावणारा मुलगा भाजला, तर खर्च त्याच्या आईवडिलांवरच पडतो.

३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावात लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहा भाविक त्याच दिवशी गेले, कित्येक जखमी झाले. निखाऱ्यांतून चालणाऱ्या धोंडांच्या जत्रेत घात केला तो आगीने नव्हे, उताराच्या वाटेवरील गर्दीने. मदतीला धावणारे हात तेव्हाही होते. पण जखमीला उचलायचे कसे, वाट कुणी मोकळी करायची, हे आधी शिकलेली माणसे अशा वेळी हवी असतात. त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या रात्री हडफडेच्या नाइट क्लबमध्ये २५ जणांचा बळी गेला. तिथे अरुंद वाटेमुळे बंब आत नेता आला नाही.

दरवर्षी १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ, अग्निशमन सप्ताह सुरू होतो. आपण शाल-श्रीफळ देतो, टाळ्या वाजवतो. द्यावेच. पण जवानाला शालीपेक्षा जास्त उपयोगी पडेल तो मोकळा रस्ता. आपल्या बाजारातल्या किंवा वाड्यावरच्या किती बोळांतून दुतर्फा गाड्या लावल्यावर बंब जाईल, हे कुणीही पावले मोजून पाहावे.

मंडळाला यात फारसा खर्च नाही. उन्हाळ्यातही न आटणाऱ्या विहिरी, तळी आणि तिथपर्यंत बंब जाईल अशा वाटा यांची वाड्यावार यादी करून ती केंद्रात द्यावी. प्रत्येक वाड्यावरच्या चार-पाच तरुण-तरुणींनी दलाकडून रीतसर शिक्षण घ्यावे आणि त्यांचा विमा वर्गणीतून उतरवावा. जत्रेच्या तयारीच्या बैठकीला केंद्राचा अधिकारी हवा, तोही मंडप उभा राहण्याआधी.