सवत्स धेनूची पूजा, पण वासरू लसीविना!

वसुबारसेला पूजा होते ती सवत्स धेनूची. एकट्या गायीची नव्हे. आपल्या पूर्वजांनी वासराला गायीच्या बरोबरीचे स्थान दिले. लम्पी चर्मरोगाच्या लसीकरणात मात्र हे वासरूच विसरले जात असेल, तर त्या पूजेला अर्थ काय?

चिखली 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. शेतांच्या जागी कारखाने आणि गृहसंकुले उभी राहिली, तरी गावाचे गोवंशाशी असलेले नाते तुटले नाही. मे 2022 मध्ये जाधववाडीच्या बैलगाडा शर्यतीला लोटलेली गर्दी हे त्याचेच प्रमाण होय. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत लम्पीने महाराष्ट्र व्यापला. जनावरांचे बाजार आणि शर्यती बंद कराव्या लागल्या. देशभरात त्या वर्षी दीड लाखाहून अधिक गोवंश दगावला. पुढच्या वर्षी रोग परतला, तेव्हा त्याचा मोठा आघात वासरांवर झाला.

त्या काळात काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांनी या रोगाचा संबंध चित्त्यांशी जोडला. चित्ते सप्टेंबर 2022 मध्ये आले. रोग ओडिशात 2019 मध्येच आढळला होता! अशा विधानांना हसणे सोपे आहे. परंतु ‘लसीने दूध आटते’, ‘एवढ्याशा वासराला सुई कशाला’, ही आपल्याच गोठ्यातील वाक्ये त्याहून कमी अज्ञानाची आहेत काय? लसीनंतर किंचित ताप येतो, दूध काही दिवस घटते, एवढेच. रोग आला तर वासरू जाते.

डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचिडे हा विषाणू एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेतात. लस घेतलेल्या गायीच्या चिकातून वासराला संरक्षण मिळते, पण ते काही महिन्यांपुरतेच. म्हणूनच चार महिन्यांचे झाले की त्याला लस द्यावयाची आणि पुढे दरवर्षी द्यावयाची. गेल्या वर्षी गायीला टोचले म्हणजे गोठा सुरक्षित झाला, हा भ्रम आहे. मोहिमेनंतर जन्मलेले वासरू कोणत्याच नोंदीत नसते.

लस परकीय आहे, ही सबबही उरलेली नाही. हिसार आणि इज्जतनगर येथील भारतीय शास्त्रज्ञांनी विकसित केलेली लस ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर झाली. तिच्या उत्पादनासाठी त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी करार झाला. दगावलेल्या वासरामागे 16 हजार रुपयांचे साहाय्य शासनाने 2022 मध्ये दिले. पण भरपाईने गोठ्यातील वंश पुढे चालत नाही. आज दुर्लक्षिलेली कालवड ही उद्याची गाय आहे आणि गोऱ्हा हा उद्याचा शर्यतीचा बैल आहे.

गोभक्ती घोषणांत सिद्ध होत नसते. गोठ्याजवळचे साचलेले पाणी काढणे, गोचिडांचा बंदोबस्त करणे, आजारी जनावर वेगळे बांधणे आणि चार महिन्यांचे वासरू पशुवैद्यकापुढे उभे करणे, ही आजची गोसेवा होय. कार्यकर्त्यांनी वसुबारसेपूर्वी आपल्या वस्तीतील प्रत्येक वासराची यादी करावी. ज्या घरातील वासराला लस टोचलेली असेल, त्याच घरातील पूजा खऱ्या अर्थाने सवत्स धेनूची ठरेल.