मैदानावर : उंच भिडू, बुटका भिडू

दोस्तहो, सुट्टी लागली की बास्केटबॉलच्या कोर्टवर गर्दी होते. दोन कप्तान ठरतात, भिडू वाटायला सुरुवात होते आणि ताडमाड उंच भिडू आधी पळवले जातात. जो सगळ्यांत बुटका, तो ‘लिंबूटिंबू’ म्हणून कुणाच्या तरी गळ्यात! अर्धा-अर्धा तास त्याच्या हाती चेंडूच येत नाही. चार दिवसांनी तो यायचाच बंद होतो. नुकसान उंच भिडूचंही होतं, बरं का! त्याला सारखं रिंगखाली उभं करतात. मग ड्रिबल करणं, धावता धावता पास देणं तो शिकणार कधी?

रिंग १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटर उंच असते. तेव्हा उंचीचा फायदा होणारच. पण उंची म्हणजेच बास्केटबॉल नव्हे. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये १९८७-८८ च्या मोसमात ७ फूट ७ इंचांचा मनूट बोल आणि ५ फूट ३ इंचांचा मग्सी बोग्स वॉशिंग्टनच्या एकाच संघात होते. चेंडू पळवण्यात आणि पास देण्यात वाकबगार असलेला बोग्स २००१ पर्यंत एनबीएत खेळला!

मग आपले संघ बरोबरीचे कसे करायचे? समजा, दहा भिडू आहेत. उंचीप्रमाणे रांग लावा आणि नंबर द्या. १, ४, ५, ८, ९ एका संघात. २, ३, ६, ७, १० दुसऱ्यात. बेरीज करून बघा : २७ आणि २८. जवळजवळ सारखीच! आता १ नं २ ला अडवायचं, ४ नं ३ ला, ५ नं ६ ला, असं शेवटपर्यंत. तरीही एक संघ भारी पडला, तर अशा एखाद्या जोडीतल्या दोघांची अदलाबदल करा. उंचीचा तोल फारसा बिघडत नाही.

बेरजेची ही युक्ती मोठ्यांच्या खेळातही आहे. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये शारीरिक क्षमतेनुसार प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण देतात. आंतरराष्ट्रीय सामन्यात कोर्टवरच्या पाचजणांची बेरीज १४ च्या वर जाऊ देत नाहीत.

आणखी दोन घरगुती नियम करा. बास्केट करण्याआधी निदान तीन भिडूंचा चेंडूला हात लागलाच पाहिजे. आणि दर पाच मिनिटांनी जागा बदलायच्या. रिंगखालचा बाहेर, बाहेरचा रिंगखाली.

आई-बाबांनो, बारा वर्षांखालच्यांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडूही लहान, ५ नंबरचा. जमलं तर तशी सोय करून द्या.

एक मात्र विसरू नका. मुलींची उंची मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्यानं वाढते. कुणी सहावीत वाढतं, कुणी नववीत. म्हणून दर सुट्टीत रांग नव्यानं लावा. आजचा दहा नंबरवाला उद्या पहिलाही असेल. पण त्यासाठी तोवर तो खेळात टिकायला हवा ना?

मग, कधी लावताय रांग?