वृद्धाश्रम : आधी हिशेब मांडू

मुळशी तालुक्यात हिंजवडीचे आयटी पार्क आहे आणि भूगावकडे ज्येष्ठांसाठीची निवासी संकुलेही आहेत. आपल्यातले अनेकजण रोज त्याच तालुक्यात कामाला जातात. घरी मात्र 'वृद्धाश्रम' हा शब्द निघाला की विषय संपतो. अम्मी-अब्बांना 'उफ्'सुद्धा म्हणू नये, हे सगळ्यांना पाठ आहे. खिदमत कुणी करायची, हेही न बोलता ठरलेले असते: सुनेने, नाहीतर लग्न न झालेल्या मुलीने. तिने सोडलेली नोकरी कुणी मोजत नाही, म्हणून घरची देखभाल फुकट वाटते.

आईवडिलांना तिकडे पाठवाच, असे आम्ही म्हणत नाही. पण पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झाला की रात्रंदिवस माणूस लागतो. मग डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईने जागा शोधली जाते आणि करार न वाचता सही होते.

अनामत आणि मासिक शुल्क सगळेच विचारतात. कंबरडे मोडते ते वरच्या खर्चाने: अटेंडंट, डायपर, फिजिओथेरपी, औषधे, रुग्णवाहिका. शुल्क दरवर्षी किती वाढणार, हे लेखी घ्या. आज महिना 30,000 धरले आणि वाढ 8 टक्के, तर दहा वर्षांनी तेच सुमारे 65,000 होतात. अनामत परत किती दिवसांत, किती कापून? आणि सर्वांत महत्त्वाचे, अब्बा अंथरुणाला खिळले तर ठेवून घेणार का? काही संकुले फक्त हिंडत्याफिरत्या माणसांसाठीच असतात. स्वयंपाकघर शाकाहारी आहे का, वजूची सोय आणि रमजानमध्ये सहरी मिळेल का, हे विचारायला संकोच कसला?

नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या रहिवाशाचे राहणे-जेवण-देखभाल धरून महिना 25,000 पर्यंतचे शुल्क जीएसटीमुक्त आहे. बिलात तो लावला असेल तर हटकावे. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता मिळते. पण ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते, वृद्धाश्रमाच्या शुल्कासाठी नाही.

2007 चा पालक पोषण कायदा सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे. न्यायाधिकरण निर्वाह रक्कम ठरवते, पण कायद्यातली कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. वरच्या हिशेबापुढे ती किती तोकडी आहे, ते दिसतेच. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांचा वृद्धाश्रम राज्य उभारू शकते, असेही त्यात आहे. 'शकते', बंधन नाही.

आईवडिलांचा खर्च जकातीतून वळता करता येत नाही. बहुतेक फकीहांच्या मते ती मुलांचीच जबाबदारी आहे. पण ज्यांना मुलेच नाहीत, किंवा असून विचारत नाहीत, त्या गरीब म्हाताऱ्यांचे काय? जकात त्यांना देता येते. मशिदीच्या ट्रस्टने आणि वक्फच्या जागांवर मोहल्ल्यात निदान दिवसाचे देखभाल केंद्र का निघू नये? संध्याकाळी म्हातारी माणसे घरी परततील, आणि दिवसभर सुनेला नोकरी करता येईल. हा प्रस्ताव पुढच्या जमातीच्या बैठकीत तरुणांनीच मांडावा, आकड्यांसकट. त्याआधी अम्मीला मात्र विचारून घ्या, तिला कुठे राहायचे आहे.