बोटे गेली, कागद कुठे आहे?

भोसरी-चाकण पट्ट्यात प्रेस मशीनखाली हात सापडला की सहकारी जखमीला जवळच्या खासगी रुग्णालयात नेतात. बिल मालक भरतो आणि प्रकरण मिटल्याचे गृहीत धरले जाते. भरपाईचा दावा कमकुवत होतो तो तिथेच. केसपेपरवर 'घरी पडून इजा' असे लिहिले गेले, तर अपघात कामावरचा होता हे पुढे सिद्ध करणे जिकिरीचे ठरते.

कायदा त्रोटक नाही. १९२३ च्या भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी गाभा तोच आहे. मालकाची चूक दाखवण्याची गरज नाही; इजा कामातून व कामाच्या ओघात झाली, एवढे पुरे. दाव्याची मुदत दोन वर्षे.

प्रश्न आकड्यांचा आहे. ३० वर्षांच्या कामगाराचा वयानुसार गुणांक २०७.९८. एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईक्षमतेतील घट २० टक्के धरली जाते. वेतन १५ हजार मानले, तर त्याच्या ६० टक्क्यांना गुणांकाने गुणून येणाऱ्या रकमेचा पाचवा हिस्सा, म्हणजे ३ लाख ७४ हजार ३६४ रुपये, देय होतो. ठेकेदाराच्या हजेरीपत्रकात वेतन ९ हजारच दाखवले असेल, तर हाच आकडा २ लाख २४ हजारांवर येतो. वेतन रोखीने आणि चिठ्ठीविना मिळत असेल, तर हा दीड लाखाचा फरक बुडालाच म्हणायचा.

ठेकेदार हात वर करतो, तेव्हा मूळ मालकावर दावा लावता येतो, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. मालकाचा नेहमीचा बचाव म्हणजे 'गार्ड त्यानेच काढला'. सुरक्षासाधन मुद्दाम काढल्याचे सिद्ध झाले, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व वगळता भरपाई नाकारता येते. गार्ड लावून तासाचे टार्गेट पुरे होत नव्हते, हे मात्र नोंदवहीत कोणी लिहीत नाही.

राज्य विम्याचा प्रश्न वेगळा. २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकाला लाभ महामंडळाकडून मिळतो, मालकावर भरपाईचा दावा करता येत नाही. म्हणून विमा क्रमांक अपघाताच्या आधीचा की नंतरचा, हे तपासणे अगत्याचे.

भरपाई कधीपासून देय, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच दिला आहे. कोपराच्या वर हात गमावलेल्या सुताराच्या त्या खटल्यात देणे अपघाताच्या दिवसापासूनचे मानले गेले. महिनाभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि विलंब असमर्थनीय ठरल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड. तरीही रुग्णालयातून सुटताना पंधरा-वीस हजार हातावर ठेवून 'पुढे काही मागणे नाही' असे लिहून घेतले जाते. कायद्यातला हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल असतो. पण सही करणाऱ्याच्या उजव्या हाताला त्या दिवशी बँडेज असते आणि कागदावर उमटतो तो डावा अंगठा.